कळमेश्वरची दुरुस्ती, बुटीबोरीचा अपघात

मालक एक आणि कारखाने तीन, नागपूरच्या तीन दिशांना. पहिला हिंगण्याच्या एमआयडीसीत, सगळ्यांत जुना, रेझिन बनवणारा. दुसरा वर्धा रोडवर बुटीबोरीला, सगळ्यांत मोठा. तिथे औषध कंपन्यांसाठी इंटरमीडिएट्स, म्हणजे औषध बनण्याआधीची मधली रसायनं, तयार होतात, क्लोरीन लागतो, नायट्रोजन तर चोवीस तास लागतो. तिसरा काटोलच्या बाजूला कळमेश्वरला, दुसऱ्या कंपनीकडून विकत घेतलेला, छोटा. तिथे सॉल्व्हंटची मिश्रणं आणि ड्रम भरण्याचं काम चालतं. कंपनीचं नाव इथे नाही, त्याची गरजही नाही.

कायद्याच्या नजरेत हे तीन वेगळे कारखाने. तिघांचे परवाने वेगळे, फॅक्टरी मॅनेजर वेगळे, सुरक्षा समित्या वेगळ्या, आपत्कालीन आराखडे वेगळे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा अधिकारी एका कारखान्यात तपासणीला येतो तेव्हा तो त्या कुंपणाच्या आतलंच बघतो. तिघांना जोडणारा कागदावरचा माणूस एकच, तो म्हणजे कारखाने अधिनियम १९४८ ज्याला भोगवटादार म्हणतो तो संचालक. (हे प्रकरण २१ नोव्हेंबर २०२५ ला नवी श्रम संहिता लागू होण्याआधीचं आहे, म्हणून इथली कलमं जुन्याच कायद्यातली आहेत.)

पण तिघांना जोडणारे आणखी काही लोक होते आणि ते कुठल्याच तक्त्यात नव्हते. शटडाउनची, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायच्या दुरुस्तीची, कामं करणारा ठेकेदार तिन्हीकडे एकच होता. त्याची गँग, म्हणजे फिटर, वेल्डर, हेल्पर आणि त्यांचा मुकादम, एका आठवड्यात हिंगण्याला, पुढच्या आठवड्यात कळमेश्वरला, मग बुटीबोरीला. कंपनीचा कायम कामगार वर्षानुवर्षं एकाच गेटमधून आत जातो. ही माणसं मात्र तिन्ही गेटमधून जायची. बुटीबोरीच्या अपघाताच्या चौकशी समितीत मला बाहेरचा सदस्य म्हणून घेतलं तेव्हा ही गोष्ट कुणी सांगितली नाही, कारण कुणाला ती सांगण्यासारखी वाटली नव्हती.

घटना

एप्रिलचा शेवट. बुटीबोरीला शटडाउन चालू. पाच हजार लिटरच्या एका ग्लास लाइन्ड, म्हणजे आतून काचेचं अस्तर असलेल्या, रिअ‍ॅक्टरमध्ये उतरून आतलं अस्तर तपासायचं आणि अजिटेटरच्या (आत ढवळणाऱ्या दांड्याच्या) खालच्या भागाची साफसफाई करायची, असं काम होतं. परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, नीट निघालं होतं. रिअ‍ॅक्टरला जाणाऱ्या प्रत्येक लाइनमध्ये ब्लाइंड, म्हणजे लाइन बंद करणारी चकती, घातली होती, मोटरला कुलूप होतं, आत २४ व्होल्टचा दिवा होता. सकाळी साडेनऊला गॅस टेस्ट झाली, ऑक्सिजन २०.९ टक्के, बाकी सगळं शून्य. आत उतरणाऱ्या फिटरच्या अंगावर हार्नेस, दोरी ट्रायपॉडला, आणि मॅनहोलपाशी कंपनीचा एक जुना ऑपरेटर लक्ष ठेवायला.

दुपारी बाहेर पारा ४३ च्या आसपास होता. पत्र्याच्या शेडखाली, चार बाजूंनी बंद भांड्यात काय होत असेल याची कल्पना ज्याने एकदा आत डोकं घातलंय त्यालाच येईल. फिटरने वरच्या हेल्परला सांगितलं, जरा हवा सोड. हेल्परने सहा-सात फुटांवरच्या युटिलिटी स्टेशनवरचा, म्हणजे प्लांटच्या वेगवेगळ्या लाइनचे पॉइंट असतात तिथला, होज पाइप घेतला, एका पॉइंटला लावला, कॉक थोडा उघडला आणि होजचं टोक मॅनहोलमधून आत सोडलं. आत गार झुळूक आली. फिटरने हात वर करून ठीक आहे अशी खूण केली. लक्ष ठेवणाऱ्या ऑपरेटरने ही खूण पाहिली.

तो नायट्रोजन होता.

पुढे काही मिनिटांत आतला ब्रशचा आवाज थांबला. ऑपरेटरने हाक मारली, दोरीला झटका दिला, उत्तर नाही. हेल्परने पाय मॅनहोलमध्ये घातला होता, ऑपरेटरने त्याची कॉलर धरून मागे ओढलं आणि दोरी ओढणारी विंच फिरवायला घेतली. फिटर बाहेर आला तेव्हा बेशुद्ध होता, श्वास चालू होता. ऑक्सिजन लावला, रुग्णवाहिका आली, रात्रभर दवाखान्यात ठेवलं. माणूस वाचला.

ऑपरेटरने ती कॉलर धरली नसती तर दोन माणसं आत असती आणि विंच एकच. बंद जागेतल्या मृत्यूंबद्दल अमेरिकेच्या नायोश या संस्थेने १९८६ साली जे लिहून ठेवलं ते या धंद्यात सगळ्यांना पाठ हवं: मरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक, साठ टक्क्यांच्या वर, वाचवायला उतरलेलेच होते.

कायद्याचं कलम ३६ सांगतं की बंद जागेत उतरण्याआधी एकतर सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून जागा सुरक्षित असल्याचं लेखी प्रमाणपत्र द्यावं, नाहीतर उतरणाऱ्याच्या तोंडावर श्वसनयंत्र आणि कमरेला पट्टा असावा, पट्ट्याला दोरी आणि दोरीचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. दोहोंपैकी एक पुरतं. बुटीबोरीच्या नियमात प्रमाणपत्र असलं तरी दोरी हवीच, असं होतं. त्या दुपारी प्रमाणपत्र अक्षरशः खरं असूनही निरुपयोगी ठरलं होतं, कारण ते साडेनऊचं होतं. कामाला आली ती दोरी.

वास नाही, घुसमट नाही

नायट्रोजनबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण प्लांटमधल्या अनेक जाणत्या माणसांच्या मनातही तो निरुपद्रवी वायू आहे. आपण श्वासातून घेतो त्या हवेचा ७८ टक्के भाग तोच. विषारी नाही, पेटत नाही, उलट आग लागू नये म्हणून आपण तो वापरतो. पण श्वास कोंडल्याची जी तगमग होते ती ऑक्सिजन कमी झाल्याने होत नाही, शरीरात कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते. नायट्रोजनच्या वातावरणात माणूस कार्बन डायऑक्साइड नेहमीसारखा बाहेर टाकत राहतो. म्हणून त्याला काहीच कळत नाही. थोडी गुंगी, मग काही नाही. ऑक्सिजन फारच कमी असेल तर दोन-चार श्वासांत शुद्ध जाते.

हिशेबही साधा आहे. पाच घनमीटरचं भांडं. होजमधून मिनिटाला एक घनमीटर नायट्रोजन येतोय आणि तो आतल्या हवेत नीट मिसळतोय असं धरलं, तर पावणेचार मिनिटांच्या आसपास ऑक्सिजन २०.९ वरून १० वर येतो. होजचं टोक थेट तोंडावर असेल तर एवढाही वेळ नाही. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने २००३ मध्ये १९९२ ते २००२ या काळातल्या नायट्रोजनने गुदमरण्याच्या ८५ घटना तपासल्या; त्यांत ८० माणसं गेली होती. मेलेल्यांचा आकडा जखमींपेक्षा मोठा असण्याचे प्रकार कामाच्या जागी थोडेच. इथे जखमी होते ५०.

परमिटच्या मागे ब्लाइंडची यादी होती आणि ती बरोबर होती. पण ती यादी विचारते की भांड्याला कोणकोणत्या लाइन जोडलेल्या आहेत. भांड्यापासून सहा फुटांवर, भिंतीला लावलेला, कशालाच न जोडलेला पॉइंट त्या यादीत यायचा कसा? तो मॅनहोलमधून आत जाईल असं ड्रॉइंगवर कुठेच दिसत नाही.

हेल्पर काय म्हणाला

पहिल्या दिवशी प्लांटचा प्राथमिक अहवाल तयार होता. कारण: ठेकेदाराच्या कामगाराचा निष्काळजीपणा. उपाय: ठेकेदाराला नोटीस, हेल्परला गेटबंदी, पुन्हा प्रशिक्षण. असे अहवाल मी इतके पाहिले आहेत की नुसती तारीख बदलली तरी चालतील.

हेल्पर विशीतला पोरगा, भंडाऱ्याकडचा. दोन दिवस त्याला झोप लागली नव्हती. पॉइंटवर लिहिलेलं वाचलं नाहीस का, असं विचारलं तर म्हणाला, लिहिलेलं होतंच कुठं. मी जाऊन पाहिलं. लाइन वर छताजवळ आयएस २३७९ या भारतीय मानकाप्रमाणे पिवळी आणि त्यावर काळा पट्टा, बरोबर. पण तिथून खाली युटिलिटी स्टेशनपर्यंत येणारा तुकडा कधीतरी बदलला होता आणि त्यावर नुसता प्रायमर होता. टॅग होता, त्यावरची अक्षरं उन्हाने गेली होती.

तरी मी म्हटलं, मग तुला कसं वाटलं की ही हवाच आहे?

तो म्हणाला, "मले काय मालूम साहेब. पाइप बसला मंजे हवाच असन ना. कळमेश्वरले तसंच हाय."

हे वाक्य नसतं तर चौकशी रंग आणि टॅगवरच संपली असती.

दुसऱ्या दिवशी कळमेश्वरला गेलो. तिथला सेफ्टी ऑफिसर तरुण, नागपूरच्या एलआयटी या तंत्रज्ञान संस्थेतून शिकलेला, टेबलावर निअर मिसचं, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांचं, जाडजूड रजिस्टर. त्याने पान काढून दिलं. वर्षभरापूर्वी तिथे ड्रम धुण्याच्या जागी एका कामगाराने अंगावरची धूळ उडवायला हवेऐवजी नायट्रोजनचा होज लावला होता. मोकळ्या जागेत, त्यामुळे कुणाला काही झालं नाही. पण या माणसाने ते पाहिलं, नोंदवलं, आणि टॅग रंगवून गप्प बसला नाही. त्याने नायट्रोजनच्या सगळ्या पॉइंटची कपलिंग, म्हणजे होज जोडायची टोकं, बदलून टाकली. हवेला क्लॉ कपलिंग ठेवलं, नायट्रोजनला कॅमलॉक. हवेचा होज नायट्रोजनच्या पॉइंटला बसतच नाही. वाचता येवो न येवो, रंग उडो न उडो, हात आपोआप थांबतो. उत्तम काम. मी कुठल्याही प्लांटमध्ये हेच सुचवलं असतं.

आणि याच उत्तम कामामुळे तो पोरगा एक गोष्ट शिकला होता: होज बसला तर हवा. कळमेश्वरमध्ये ते शंभर टक्के खरं होतं. बुटीबोरीत हवा आणि नायट्रोजन दोन्हीला क्लॉ कपलिंग. तिथे सगळंच सगळ्याला बसत होतं.

दुरुस्ती झाली नसती तर कळमेश्वरला धोका राहिला असता, पण ही समजूत तयार झाली नसती. दुरुस्ती तिन्हीकडे झाली असती तर समजूत सगळीकडे खरी ठरली असती. ती एकाच ठिकाणी झाली आणि माणसं तिन्ही ठिकाणी फिरत राहिली. सुरक्षेसाठी केलेला बदल दुसऱ्या कुंपणाच्या आत सापळा झाला.

बातमी का गेली नाही

कळमेश्वरची नोंद मुख्य कार्यालयात गेली होती. दर महिन्याच्या आढावा बैठकीतल्या तक्त्यात ती एक आकडा म्हणून होती. कळमेश्वरच्या रकान्यात निअर मिसची संख्या भरपूर, हिंगण्याच्या रकान्यात थोडी, बुटीबोरीच्या रकान्यात जवळजवळ शून्य. या तक्त्याकडे बघून वरच्या लोकांनी काय निष्कर्ष काढला असेल? कळमेश्वरला सुधारणा हवी. त्या तरुण अधिकाऱ्याला बैठकीत दोनदा विचारलं गेलं होतं की तुमच्याकडेच एवढं का होतं. बुटीबोरीच्या गेटवर मात्र अपघातमुक्त दिवसांचा भला मोठा फलक होता, आणि दिवाळीच्या बोनसमध्ये त्या फलकाचाही थोडा वाटा होता.

अशा फलकाबद्दल माझं मत चांगलं नाही. तो कामगारांना सुरक्षित राहायला सांगत नाही, गप्प राहायला सांगतो. कायद्यात ४८ तासांची रेघ आहे: इजेमुळे माणूस ४८ तास किंवा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही तर अपघात कळवायचा. या फिटरच्या बाबतीतही दवाखान्यातून सुटल्यावर त्याला दुसऱ्याच दिवशी गेटवर सही करून सावलीत बसवून ठेवावं, असा विचार कुणाच्या तरी मनात आला होता. ठेकेदाराचा माणूस म्हणजे आपला कामगार नाही, असंही एक वाक्य ऐकलं. ते चूक आहे. कारखाने कायद्यातल्या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेला माणूसही कामगारच आहे. शेवटी घटना रीतसर कळवली गेली. संचालकाने ते स्वतः करायला लावलं, हे त्याच्या बाजूने लिहायला हवं.

नागपुरात तज्ज्ञांची वाण नाही. पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय इथे, राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय इथे. तिन्ही प्लांटमध्ये पदविकाधारक सेफ्टी ऑफिसर होते. ज्ञान होतं. ते कुंपणाबाहेर पडत नव्हतं.

मुकादमाची यादी

ठेकेदाराच्या मुकादमाला ऑफिसात बोलावलं तर तो उभा राहून हो साहेब, नाही साहेब एवढंच बोलला. मग संध्याकाळी बुटीबोरीच्या फाट्यावर टपरीवर चहा घेताना बोलता झाला. तिन्ही प्लांटमध्ये काय काय वेगळं आहे ते सांगा, एवढंच विचारलं. तो बोटांवर मोजत सांगत गेला, मी लिहीत गेलो.

गुलाबी परमिट हिंगण्याला वेल्डिंगचं. तेच गुलाबी परमिट बुटीबोरीला बंद जागेत उतरण्याचं. कळमेश्वरला सगळी परमिटं पांढरी, नुसती खूण करायची. हिंगण्याला लॉकची चावी शिफ्ट इंजिनिअरकडे, बुटीबोरीला काम करणाऱ्याच्याच खिशात, कळमेश्वरला पेटीत. हिंगण्याला लाल टॅग म्हणजे हात लावू नका. बुटीबोरीला लाल टॅग म्हणजे दुरुस्तीला काढलंय, म्हणजे आपल्यासाठीच.

मग तो भोंग्यावर आला. तुटक तुटक भोंगा हिंगण्याला आगीचा, बुटीबोरीला वायुगळतीचा. आणि सलग लांब भोंगा? बुटीबोरीला तो सगळं ठीक, कामावर परत या. कळमेश्वरला तोच आगीचा, बाहेर पळा.

"तुमच्या पोरांना हे लक्षात राहतं?" मी विचारलं.

"नाही राहत. भोंगा वाजला की आमी कंपनीच्या मान्साकडं पाहतो. तो पळला तर आमी पळतो."

तो हसत नव्हता. मी नुसतं लिहून घेतलं. कुठल्याही ऑडिट अहवालात हे आलं नव्हतं, कारण ऑडिट दरवेळी एकाच प्लांटचं व्हायचं आणि एका प्लांटपुरतं प्रत्येक उत्तर बरोबर होतं.

काय एकसारखं करायचं

वरून पहिली प्रतिक्रिया अपेक्षित तीच आली: तिन्ही प्लांटसाठी एकच एसओपी (ठरलेली कार्यपद्धती), एकच पुस्तक, आणि सगळं बघणारं एक सॉफ्टवेअर. हिंगण्याच्या मॅनेजरने कडाडून विरोध केला. हा माणूस निवृत्तीला आलेला, रेझिनच्या केटलवर, म्हणजे ते शिजवायच्या भांड्यावर, आयुष्य काढलेला. त्याचं म्हणणं, माझ्या केटलमध्ये तापमान हाताबाहेर गेलं तर काय करायचं हे बुटीबोरीत बसून कोण लिहिणार? बैठकीत त्याला जुन्या वळणाचा म्हणून सोडून द्यायची तयारी होती. मला तो अर्धा बरोबर वाटला, आणि ते अर्धं फार महत्त्वाचं होतं.

क्लोरीनचंच घ्या. कळमेश्वरला सॉल्व्हंट, म्हणून तिथली पहिली सूचना फोम आणि कूलिंगसाठी पाण्याची. बुटीबोरीत क्लोरीनचे टोनर, म्हणजे मोठे सिलिंडर, आहेत, प्रत्येकात साधारण ९०० किलो. गळणाऱ्या टोनरवर पाणी मारलं की ओला क्लोरीन धातू खातो आणि भोक मोठं होतं. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड, तो जमिनीलगत पसरतो. तिथे वाऱ्याच्या आडवं आणि उंचावर जायचं. टोनरचा फ्युजिबल प्लग, म्हणजे उष्णतेने वितळणारं सुरक्षेचं बूच, सत्तर अंशांच्या थोडं वर वितळतो, त्यामुळे शेडचं छप्पर हा नागपुरात सुरक्षेचाच भाग. कळमेश्वरची "आधी पाणी" ही सवय एकच पुस्तक म्हणून बुटीबोरीत आली असती तर ती कपलिंगपेक्षा मोठा सापळा ठरली असती.

(याच प्लांटमध्ये टोनरची संख्या कायम अकराच्या आत ठेवायची पद्धत होती. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत क्लोरीनची खालची मर्यादा, जिच्यापासून जादा नियम लागू होतात ती, १० टन आहे, अकरा टोनर म्हणजे ९.९. कागदाला हा फरक कळतो. वायूला कळत नाही, हे मी अहवालात लिहिलं. ते वाक्य अंतिम प्रतीत राहिलं नाही.)

शेवटी विभागणी एका प्रश्नावर केली: ही गोष्ट कुंपण ओलांडणाऱ्या माणसाच्या हाताला, डोळ्याला किंवा कानाला लागते का? लागत असेल तर ती तिन्हीकडे तंतोतंत एक. नसेल तर ज्याची त्याने ठरवावी. पहिल्या गटात कपलिंग, होजचा रंग, पाइपचे रंग, परमिटचे रंग, लॉक आणि टॅगची पद्धत, भोंगा आणि गॅस टेस्टची रीत. एवढंच. केटल, क्लोरीन, ड्रमचं अर्थिंग, हे सगळं त्या त्या प्लांटकडे राहिलं. हिंगण्याचा मॅनेजर या यादीवर पहिली सही करणारा निघाला.

भोंग्यावर सगळ्यांत जास्त वाद झाला, आणि तो पैशाचा नव्हता. प्रत्येक प्लांटला आपला भोंगा बरोबर वाटत होता. जिथल्या लोकांना जुनी सवय बदलायची त्यांना नवा धोका, हा मुद्दा खोटा नव्हता. म्हणून तिन्हीकडे नवीनच काढला, कुणाचाच जुना नाही, आणि भोंग्याबरोबर मराठी आणि हिंदीत रेकॉर्ड केलेला आवाज. बदलाच्या महिन्यात रोज सकाळी एकेकदा वाजवायचा.

कपलिंग आणि वारा

कपलिंग बदलणं हे सोपं काम वाटतं. खरेदी विभागाने सुरुवातीला स्वस्तातलं एकच कपलिंग घाऊक मागवायचं सुचवलं, म्हणजे मूळ दुखण्याचीच ऑर्डर. ते थांबवलं. दुसरी अडचण जास्त खोल होती. हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये एका फिटरच्या पेटीत मला एक तुकडा मिळाला: एका बाजूला क्लॉ, दुसऱ्या बाजूला कॅमलॉक, मधे निपल वेल्ड केलेलं. सुबक काम. कळमेश्वरला होज बसत नाही म्हणून तिथल्या कामासाठी बनवलं होतं आणि बॅगेत फिरत होतं. असा तुकडा खिशात असेपर्यंत तिन्ही प्लांटची कपलिंग बदलून काही उपयोग नव्हता.

सेफ्टी ऑफिसर तपासणी मोहीम काढायच्या बेतात होते. मुकादम म्हणाला, झडती घेतली तर मिळणार नाही, मागितलं तर मिळेल. गेटवर एक डबा ठेवला आणि सांगितलं की कुणी टाकलं हे विचारणार नाही. डब्यात असे बरेच तुकडे निघाले. लोकांनी ते खोडसाळपणा म्हणून बनवले नव्हते. काम पुढे सरकवायला बनवले होते.

याच कारणासाठी नुसत्या कपलिंगवर थांबणं मला पटत नव्हतं. हेल्परने होज का लावला? आतल्या माणसाला वारा हवा होता. उद्या होज बसला नाही तरी वारा हवाच असणार, आणि वारा हवा असलेला माणूस वाट काढतो. म्हणून बंद भांड्यातलं काम असेल तर फ्लेमप्रूफ (ठिणगीने आग लागू न देणारा) विजेचा ब्लोअर आणि डक्ट हे परमिटच्या अटीत गेलं; ब्लोअर चालू नाही तर परमिट नाही. हवेवर चालणारे ब्लोअर मुद्दाम टाळले, कारण तेही कुठल्यातरी होजला जोडावेच लागतात. एप्रिल-मेमध्ये आत उतरायचं काम सकाळी सहा ते अकरा. उतरणाऱ्याच्या छातीवर सतत चालणारा गॅस मीटर, १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ओरडणारा. सकाळच्या एका चाचणीवर दिवस काढायची पद्धत बंद.

ठेकेदाराने वेळेवरून कुरकुर केली, दिवसाचं काम पाच तासांत बसत नाही म्हणून. त्याचं म्हणणं वाजवी होतं. उन्हाळ्यातल्या कामाचा दर वेगळा ठरवून तो प्रश्न सुटला. नाहीतर वेळ कागदावर अकराची आणि प्रत्यक्षात दोनची झाली असती.

समितीत कोण बसतं

घातक प्रक्रिया असलेल्या कारखान्यात सुरक्षा समिती बंधनकारक आहे आणि तीत व्यवस्थापन व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान हवेत. हे कलम ४१ जी, भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीने आलेलं. त्याच प्रकरणातलं ४१ एच कामगाराला धोका दिसला तर तो वर कळवण्याचा हक्क देतं. ही दोन्ही कलमं प्लांटमध्ये फ्रेम करून लावली होती. ठेकेदाराचा एकही माणूस एकाही समितीत नव्हता. शटडाउनमध्ये सर्वांत धोक्याची कामं तेच करतात.

आता तिन्ही समित्यांची दर तिमाहीत एक एकत्र बैठक होते, आळीपाळीने एकेका प्लांटवर, आणि मुकादम तिला बसतो. बैठकीत पहिला विषय ठरलेला असतो: तुम्हाला इकडे आणि तिकडे काय वेगळं दिसलं? दुसरा विषय, एखाद्या प्लांटने केलेला बदल. नियम असा की हाताला लागणारा कुठलाही बदल एका प्लांटने परस्पर करायचा नाही. आधी बाकी दोघांना कळवायचं. ते करणार असतील तर तिन्हीकडे एकाच शटडाउनमध्ये, करणार नसतील तर का नाही ते लिहून द्यायचं आणि ठेकेदाराला सांगायचं. कळमेश्वरच्या अधिकाऱ्याला हा नियम सुरुवातीला टोचला, चांगलं काम करायलाही परवानगी कशाला म्हणून. त्याचं टोचणं मला कळतं. नियमामुळे एखादी चांगली दुरुस्ती महिनाभर रखडेल हा धोका आहेच, आणि तातडीच्या गोष्टीला सूट ठेवावी लागली.

बुटीबोरीचा फलक उतरवला. पुढच्या काही महिन्यांत तिथल्या निअर मिसच्या नोंदी भराभर वाढल्या आणि मुख्य कार्यालयातून काळजीचा फोन आला की सुधारणा करायला घेतली आणि परिस्थिती बिघडली का. तक्त्यात आता आकड्याच्या जागी एक ओळ असते: काय झालं आणि दुसऱ्या दोन प्लांटमध्ये ते होऊ शकतं का. ही ओळ भरायला वेळ लागतो म्हणून तक्रारी चालू आहेत.

फिटर महिन्याभरात कामावर परतला. बंद भांड्यात उतरायचं नाही असं त्याने सांगितलं आणि मुकादमाने ते मान्य केलं. हेल्परची गेटबंदी मागे घेतली गेली.

हिंगण्याच्या जुन्या लाइनवर दोन नायट्रोजन पॉइंट अजून क्लॉ कपलिंगचेच आहेत. लाइन चालू असताना बदलता येत नाहीत म्हणून तात्पुरते ब्लँक करून, म्हणजे तोंड बंद करून, ठेवले आहेत, पुढच्या शटडाउनला होतील. मोठा प्रश्न वेगळाच आहे. हीच गँग या तीन प्लांटखेरीज बुटीबोरीतल्या आणखी कारखान्यांत जाते, आणि तिथली कपलिंग तिथल्या मालकांच्या हातात. शेजाऱ्यांच्या परस्पर मदत गटात हा विषय मांडला. दोघांनी कपलिंगचा नमुना आणि भोंग्याचं वेळापत्रक मागून घेतलं. बाकीच्यांचं म्हणणं, आमच्याकडे कधी असा प्रकार झालेला नाही.